घराच्या आर्थिक आराखड्याचा आढावा : पाडव्यापासूनच्या नोंदी

३० मार्च २०२५, रविवार. गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड-पुरी आणि तीन वाजता जेवणाचं टेबल पुसून त्यावर सगळ्या फायली. २०२१ मध्ये लिहिलेला घराचा आर्थिक आराखडा उघडायचा, ओळीओळीने तपासायचा आणि यापुढे दर तीन महिन्यांनी त्यावर बसायचं, असं ठरलं आहे. नोंदी मी ठेवणार, कारण हिशेब माझ्या रोजच्या हातातलं काम आहे. अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत दर महिन्याला बँकेचा ताळमेळ मीच लावते.

आत्ताच का, ते आधी लिहून ठेवते. माझे मोठे दीर नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले. वय ५१. ड्युटीवरून घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले, सिन्नरहून नाशिकला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मोठ्या जाऊबाई चौदा महिने कागद शोधत होत्या. पीएफच्या फॉर्मवर १९९६ सालचं, लग्नाआधीचं नॉमिनेशन, त्यात फक्त सासूबाईंचं नाव. लग्नानंतर नवा फॉर्म कोणी भरलाच नव्हता. नोकरीत असताना पीएफचा सभासद गेला तर त्याच्या कुटुंबाला ईडीएलआय योजनेतून विम्याची रक्कम मिळते, कमाल सात लाखांपर्यंत, हे जाऊबाईंना माझ्याकडून कळलं. दिरांच्या पहिल्या नोकरीतलं मुंबईचं बचत खातं रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव आणि पॅन घालून शोधलं तेव्हा सापडलं. दहा वर्षं व्यवहार नसल्याने त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेली होती. दावा मात्र त्या बँकेच्या शाखेतच करावा लागला, त्यासाठी मुंबईच्या दोन फेऱ्या झाल्या.

जाऊबाई एकदा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाल्या होत्या, "त्यांनी आमच्यासाठी सगळं करून ठेवलं होतं गं. कुठं काय आहे, तेवढंच मला सांगायचं राहिलं." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणून हे काम.

आज टेबलाशी तिघं : मी, नवरा आणि आई (सासूबाई, वय ७४). मुलगा दहावीची परीक्षा संपवून मित्रांकडे, लेक सहावीत, ती अधूनमधून येऊन बघून गेली.

२०२१ चा आराखडा दोन पानी आहे. त्यात महिन्याचा खर्च ५२,००० धरलाय. अडीअडचणीसाठी त्याच्या सहापट, म्हणजे ३,१२,००० बाजूला असावेत असं लिहिलंय. मुलाच्या शिक्षणासाठी माझ्या नावावर इक्विटी फंडात (शेअर बाजारात पैसे लावणाऱ्या फंडात) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, लेकीसाठी सुकन्या समृद्धी, घरकर्ज, नवऱ्याचा ५० लाखांचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा). सगळं नीट आहे. फक्त चार वर्षांत यातली एकही ओळ कोणी बदललेली नाही, आणि घर बदललंय.

कामं : १) खरा खर्च काढणे. २) नॉमिनी तपासणे, प्रत्येक ठिकाणी. ३) कर्जाचा दर. ४) मुलाचा शिक्षण निधी. ५) आईंच्या ठेवी. ६) विमा.

एक गोष्ट आजच लक्षात आली. बाजाराचं आर्थिक वर्ष शुक्रवारी, २८ तारखेलाच संपलं. आज रविवार, उद्या रमजान ईदची सुट्टी. फंडाची युनिटं विकून या वर्षाची करसवलत वापरायची असती, तर आजचा दिवस उपयोगाचा नव्हता. पाडवा कधी मार्चात येतो, कधी एप्रिलात. मुहूर्त म्हणून तो छान आहे, पण वर्षाचा मोठा आढावा फेब्रुवारीतच घ्यायला हवा. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं.

५ एप्रिल, शनिवार

खर्च काढला. तिन्ही बचत खात्यांचे जानेवारी ते मार्चचे उतारे, क्रेडिट कार्डाची बिलं आणि रोखीचा अंदाज. महिन्याची सरासरी ७१,०००. यात घरकर्जाचा हप्ता २१,०६०, मुलाचा क्लास आणि आईंची औषधं आली.

सहा महिन्यांचे झाले ४,२६,०००. बाजूला ठेवलेले प्रत्यक्षात २,४०,०००, कारण दिरांच्या वेळी त्यातूनच उचलले होते आणि परत भरायचे राहून गेले. तूट १,८६,०००.

नवरा आकडा बघून गप्प बसला. मग म्हणाला, "वाढलाय हे माहीत होतं, पण एकोणीस हजारांनी?" मीही कधी बेरीज केली नव्हती. दूध, वीज, पेट्रोल, क्लास यांपैकी प्रत्येक गोष्ट एकेकटी थोडीच वाढलेली असते, त्यामुळे कुठलीच वाढ डोळ्यांत भरत नाही.

पीपीएफचा हप्ता आज भरला. पाच तारखेपर्यंत भरला तरच त्या महिन्याचं व्याज धरतात, कारण पाच तारीख ते महिनाअखेर या काळातल्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज मोजतात. सुकन्येचंही तसंच. दोन्हीचे भरणे आता ५ एप्रिलच्या आत, एकरकमी.

७ एप्रिल, सोमवार

अमेरिकेने लावलेल्या आयातशुल्काच्या धास्तीने बाजार सकाळीच कोसळला. सेन्सेक्स दिवसअखेर २,२०० हून जास्त अंशांनी खाली. संध्याकाळी मुलाच्या शिक्षणाचा फंड बघितला : ७,७२,०००. गेल्या सप्टेंबरात, निफ्टी २६,२०० च्या पुढे होता तेव्हा, हाच आकडा ९,०५,००० होता.

घाबरून काही विकलं नाही. तोटा झालेला नाही, भरलेले पैसे चार लाखांच्या आसपासच आहेत. पण चूक समजली, ती लिहून ठेवते. २०२१ च्या आराखड्यात माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : 'तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअर बाजारात ठेवायचे नाहीत.' मुलगा बारावी होऊन २०२७ च्या जून-जुलैत इंजिनिअरिंगला जाईल. म्हणजे ही ओळ २०२४ च्या मध्यालाच लागू झाली होती. गेल्या दसऱ्याला बसून आढावा घेतला असता तर निम्मे पैसे तेव्हाच्या भावाने बाहेर काढले असते. बाजार पुढे काय करणार हे मला तेव्हाही कळलं नसतं आणि आजही कळत नाही. पण २०२७ साल जवळ येतंय, हे कॅलेंडरवर दिसत होतं.

ठरलं : बाजार सावरू दे न दे, जूनअखेर पहिला भाग काढायचा. पुढच्या महिन्यापासून एसआयपीची रक्कम आवर्ती ठेवीत.

१९ एप्रिल, शनिवार

नॉमिनी तपासणी. बँक खाती, मुदत ठेवी, पीएफ, पीपीएफ, सुकन्या, फंड, डीमॅट, विमा, लॉकर, घराच्या सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म. एकूण सतरा जागा निघाल्या. सहा ठिकाणी नॉमिनीच नाही. दोन ठिकाणी माझे वडील, जे २०१९ मध्ये गेले. नवऱ्याच्या पीएफला आईंचं नाव, अगदी भावासारखंच.

ते बघून नवरा उठून गॅलरीत गेला. पाच मिनिटांनी परत आला आणि आधी लॅपटॉप उघडला. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरलं : प्रत्येकाचा फोटो, आधार, कोणाला किती टक्के वाटा, आणि शेवटी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून ई-सही. ई-सही राहिली तर भरलेलं सगळं तसंच अर्धवट राहतं, म्हणून 'यशस्वी' असा शेरा दिसेपर्यंत थांबलो. त्याची प्रत छापून फायलीत लावली.

कायद्याने बहुतेक ठिकाणी नॉमिनी हा पैसे हातात घेणारा विश्वस्त असतो. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. म्हणून दोघांची मृत्युपत्रंही करायची. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, पण दोन साक्षीदार हवेत आणि ते लाभार्थी नसावेत. शेजारचे काका-काकू तयार आहेत.

४ मे, रविवार. आईंची पेटी

आज दिवसभर हेच.

आईंची एक पत्र्याची पेटी आहे, हिरवा रंग उडालेली, सासऱ्यांनी निफाडच्या बाजारातून घेतलेली. आत्तापर्यंत ती कोणी उघडली नव्हती. आईंनी स्वतःच कमरेची किल्ली काढून दिली. "तुमचं चाललंय ते बघतेय मी. माझंही बघा," म्हणाल्या.

वर पैठणीची घडी. खाली साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिला रबर बँड, आत पासबुकं. एका पासबुकात सासऱ्यांच्या हातची चिठ्ठी : 'द्राक्ष २००९, व्यापाऱ्याकडून बाकी जमा.' कोपऱ्यात हळदीचा डाग. आईंनी ती चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, बराच वेळ धरून ठेवली आणि मग पिशवीत न टाकता देवघरातल्या पोथीत ठेवली. आम्ही थोडा वेळ थांबलो. चहा झाला.

मोजणी : एका सहकारी बँकेत नऊ लाखांच्या दोन पावत्या, साडेचार-साडेचारच्या. गावच्या पतसंस्थेत साडेसहा लाख, तीन पावत्या, साडेनऊ टक्के दराने. पतसंस्थेच्या पावत्या हाताने लिहिलेल्या, शाई एके ठिकाणी फुटलेली, पण सही-शिक्का स्वच्छ.

मग आईंना समजावून सांगायचं काम, आणि ते घाईने करायचं नव्हतं. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख, त्याआधी फक्त एक लाख होता. सहकारी बँकेलाही हा विमा लागू आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवले तरी मर्यादा एकच. म्हणजे आईंच्या नऊ लाखांतल्या चार लाखांना विम्याचं छत्र नाही. पतसंस्थेतल्या ठेवींना तर हा विमा मुळीच नाही, कारण पतसंस्था ही बँक नसते.

आई म्हणाल्या, "तुझे सासरे तिथले पहिल्यापासूनचे सभासद. मुलीच्या लग्नाला रात्री नऊ वाजता पैसे दिले होते त्यांनी मोजून." खरं आहे. ती पतसंस्था चांगली चाललीय, मला तिच्यात काही खोट दिसत नाही. मी तेवढंच म्हटलं, "आई, चांगलीच आहे. पण उद्या काही झालं तर भरून द्यायला मागे कोणी उभं नाही. बँकेच्या मागे पाच लाखांपर्यंत कोणीतरी उभं आहे." त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पैसे त्यांचे आहेत, निर्णयही त्यांचाच व्हायला हवा.

रात्री जेवताना त्यांनी स्वतःच सांगितलं : अडीच लाखांची पावती याच महिन्यात संपतेय, ती काढू. दोन लाखांची नोव्हेंबरात संपेल, तीही काढू. तिसरी दोन लाखांची राहू द्या. "तेवढं नातं राहू दे." मी वहीत जसंच्या तसं लिहिलं.

१३ मे, मंगळवार

दहावीचा निकाल. ९१ टक्के. आज बाकी काही नाही.

११ जून, बुधवार

रिझर्व्ह बँकेने ६ तारखेला रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो, एकदम अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० केला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ६.५० होता. मुदत ठेवींचे दर आता बँका भराभर खाली आणतायत. आईंची बँकेतली एक पावती काल संपली, ती परत तिथेच गुंतवली नाही. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकली : ८.२ टक्के, पाच वर्षांसाठी दर पक्का, व्याज दर तीन महिन्यांनी हातात. मे महिन्यातले अडीच लाख धरून सात लाख झाले, म्हणजे तिमाहीला १४,३५०. या योजनेत माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, २०२३ च्या अर्थसंकल्पापूर्वी १५ लाख होते. मध्येच पैसे काढले तर कापतात, एका वर्षाच्या आत काढले तर व्याजच देत नाहीत. म्हणून आईंच्या औषधपाण्याचे ५०,००० वेगळे, बचत खात्यात.

बँकेत आता साडेचारचीच एक पावती. व्याज धरूनही पाचच्या आत राहील याची तारीख मांडून ठेवलीय.

पोस्टात दीड तास लागला. खिडकीवरच्या बाईंनी आईंना खुर्ची दिली, फॉर्म स्वतः तपासला. नॉमिनी म्हणून आईंनी दोन नावं सांगितली : माझा नवरा आणि मोठ्या जाऊबाई. मला फार बरं वाटलं.

२५ जून, बुधवार

शिक्षण फंड ८,९०,००० वर आला. ठरल्याप्रमाणे पहिला भाग काढला : २,१५,०००.

किती काढायचे ते कराच्या हिशेबाने ठरवलं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पापासून इक्विटीवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला १२.५ टक्के कर आहे, पण वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त. विकताना सर्वांत जुनी युनिटं आधी जातात. आमची २०१४ पासूनची आहेत, आणि ३१ जानेवारी २०१८ पूर्वीच्या युनिटांना त्या दिवसाचा भाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. तसं मांडल्यावर २,१५,००० मधला नफा १,२०,००० च्या आसपास. कर शून्य. दुसरा भाग एप्रिल २०२६ मध्ये, तिसरा त्यापुढच्या एप्रिलला. फी दरवर्षी भरायची असते, सगळे पैसे एका दिवशी लागणार नाहीत.

ही रक्कम आमच्या रोजच्या बँकेत दोन वर्षांच्या मुदत ठेवीत. दर कमी आहे, चालेल. या पैशांनी २०२७ मध्ये जागेवर असावं एवढीच माझी अपेक्षा आहे.

५ जुलै, शनिवार

कर्ज. सगळ्यात मोठी रक्कम इथे सापडली.

घरकर्ज २०१७ चं, २४ लाख, २० वर्षं. बाकी १८,४०,०००. टीव्हीवर रेपो उतरल्याच्या बातम्या, आणि आमच्या उताऱ्यावर दर तोच, ९.३५. कारण आमचं कर्ज एमसीएलआरवर, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावर, आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी घरकर्जं बाहेरच्या मानदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडलेली असतात आणि रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत त्यांचा दर हलतो. जुनी कर्जं मात्र आपण अर्ज केल्याशिवाय तिकडे जात नाहीत. बँक आपणहून फोन करत नाही.

शाखेत गेलो. रेपोशी जोडलं तर दर ८.१०. बदलाचं शुल्क जीएसटी धरून ५,९००. हप्ता तोच, २१,०६०, ठेवायचा असं आम्ही अर्जावर लिहूनच दिलं. जुन्या दराने १४७ हप्ते उरले होते, नव्या दराने १३३. चौदा हप्ते वाचले, म्हणजे सुमारे २,९५,००० रुपये. मी शाखेच्या बाकावर बसून मोबाइलवर तीनदा गणित केलं, मग नवऱ्याला दाखवलं.

रेपो पुढे चढला तर दर तितक्याच लवकर वरही जाईल, २०२२ मध्ये तसं झालं होतं. म्हणून दर सहा महिन्यांनी उताऱ्यावरचा दर आणि उरलेले हप्ते वहीत लिहायचे. आज लिहिले.

वाचणाऱ्या कोणाचं कर्ज २०१९ च्या आधीचं असेल, तर आज संध्याकाळी उतारा काढून बघा, एवढं मनापासून सांगते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आरोग्य विम्याचं नूतनीकरण. २०१९ ची चौघांची मिळून पाच लाखांची पॉलिसी. दिरांच्या वेळी रुग्णालयाच्या मोठ्या बिलाची वेळच आली नव्हती, पण गेल्या वर्षी शेजारच्या काकांची बायपास झाली तेव्हाचे आकडे ऐकले होते. पाच लाख पुरत नाहीत. मूळ पॉलिसी तीच ठेवली, कारण तिची प्रतीक्षेची वर्षं (ज्यांत जुन्या आजारांचा खर्च मिळत नाही) पूर्ण झालीत आणि पाच वर्षं सलग चालल्यावर कंपनी जुनं आजारपण लपवल्याचं कारण सांगून दावा नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. वरून २० लाखांचा सुपर टॉप-अप घेतला, पाच लाखांच्या पुढे लागू होणारा. फॉर्ममध्ये नवऱ्याचा रक्तदाब लिहिला. तो म्हणाला, "गोळी तर अर्धीच घेतो." तरी लिहिला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

तिमाही बैठक, सोनं वाटून झाल्यावर. अर्ध्या तासात आटोपली, कारण बहुतेक कामं मार्गी लागलीत.

प्राप्तिकर : या वर्षापासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही, नोकरदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा. आम्ही दोघंही वेगवेगळे त्याच्या आत. म्हणजे 'कर वाचवायला' म्हणून दर फेब्रुवारीत धावपळीने काही घ्यायचं कारण संपलं. पीपीएफ, सुकन्या चालू राहतील, कारण त्यांचं काम वेगळं आहे.

नवऱ्याच्या टर्म विम्याचा हप्ता. मागच्या वर्षी १४,१६० भरले होते, यंदा १२,०००. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबरपासून शून्य झाला. ५० लाखांचं संरक्षण २०१३ च्या पगारावर घेतलं होतं. आणखी ५० लाखांचा अर्ज आजच केला. माझ्या नावावर एकही टर्म विमा नव्हता, माझ्या पगारावर घराचा चाळीस टक्के भार असूनही. माझाही केला.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

ऑक्टोबर २०१७ मध्ये २० ग्रॅमचे सुवर्ण रोखे (सोन्याच्या भावाशी जोडलेले सरकारी रोखे) घेतले होते, ग्रॅमला तीन हजारांच्या आसपास भावाने. आठ वर्षं पुरी झाली, परवा पैसे खात्यात आले, ग्रॅमला साडेबारा हजारांच्या वर. अडीच लाखांच्या जरा पुढे. मध्ये दरवर्षी अडीच टक्के व्याज मिळालं ते वेगळं, आणि मुदतीअखेरच्या नफ्यावर कर नाही.

आज धनत्रयोदशी, आणि सराफात दहा ग्रॅमचा भाव सव्वा लाखाच्या वर. नवरा म्हणाला, सोन्याचे पैसे सोन्यातच जाऊ देत. नवे रोखे फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने काढलेले नाहीत, म्हणजे घ्यायचं तर वेढणी किंवा दागिना. मी वही उघडली. ५ एप्रिलची नोंद : तूट १,८६,०००.

बोलणं लांबलं, थोडं तापलंही. शेवटी १,८६,००० अडीअडचणीच्या ठेवीत गेले, आणि उरलेल्यातून लेकीला छोटी कर्णफुलं घेतली. ती घालून तिने देवापुढे नमस्कार केला. अडीअडचणीचा निधी आज पहिल्यांदा पूर्ण भरला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पतसंस्थेची दुसरी पावती संपली. आईंना घेऊन गावी गेलो. सचिवांनी चहा दिला, चौकशी केली, दोन लाख व्याजासह लगेच खात्यात टाकले. कुरबुर नाही. आई परत येताना गाडीत म्हणाल्या, "मला वाटलं होतं त्यांना राग येईल." पोस्टात आता नऊ लाख, तिमाहीला १८,४५०.

१ नोव्हेंबरपासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात, टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एकच. आमच्या ठेवींना दोन्ही मुलांची नावं घातली, आणि मुलं अज्ञान असल्याने त्यांच्या वतीने कोण घेईल तेही : मोठ्या जाऊबाई. त्यांना फोन करून विचारलं. थोडा वेळ पलीकडून काही ऐकू आलं नाही, मग म्हणाल्या, "घाल माझं नाव."

मृत्युपत्रांवर सह्या झाल्या. साक्षीदार काका-काकूंनी पेढे मागितले, दिले.

२८ डिसेंबर, रविवार

एक पानी तक्ता तयार : काय, कुठे, किती, नॉमिनी कोण, कागद कुठल्या फायलीत. पासवर्ड त्यात नाहीत, ते वेगळ्या बंद पाकिटात. तक्त्याच्या तीन प्रती : आमच्या कपाटात, आईंच्या पेटीत, जाऊबाईंकडे. मुलाला बसवून तक्ता वाचून दाखवला. त्याने सगळ्यात आधी विचारलं, "यात माझ्या कॉलेजचे किती?" सांगितले. मग म्हणाला, "सरकारी कॉलेज मिळालं तर उरतील ना?"

रेपो ५ तारखेला आणखी पाव टक्का उतरून ५.२५ झाला. आमचा दर पुढच्या फेरनिश्चितीला उतरेल, मार्चच्या उताऱ्यात बघायचा.

अपुरी कामं : माझ्या टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी. जुन्या कंपनीतल्या माझ्या पीएफचं हस्तांतरण, दोनदा नाकारलं गेलंय, कारण तिथे माझं माहेरचं आडनाव आहे. सोसायटीत नॉमिनेशनच्या फॉर्मची पोच मिळालेली नाही.

पुढची बैठक २२ फेब्रुवारी २०२६, रविवार. मोठ्या जाऊबाई सिन्नरहून येणार आहेत, त्यांची फाईल घेऊन. दोन पानं त्यांच्यासाठी वहीत मोकळी ठेवलीत.